पाठीवरचा खोटा गणवेश

मुक्काम पोस्ट नवा रायपूर. थंडी सुरू झाली की इथल्या सेंध तलावाच्या काठावर सकाळी सहापासून कॅमेरेवाले दिसायला लागतात. रायपूरचे असतात, भिलाई-दुर्गचे असतात, सुट्टी काढून आलेले नागपूरकरही असतात. हे शहर आखून बांधलेलं आहे. रस्ते एवढे रुंद की आपलं एखादं तालुक्याचं गाव त्यांच्यावर आडवं मावेल. माणसं कमी, आकाश भरपूर, पाणी जवळ. फोटो काढणाऱ्याला आणखी काय हवं? तक्रार लोकांबद्दल नाही. त्यांच्या पाठीबद्दल आहे. दर तीन-चार पाठींमागे एका पाठीवर ठिपक्याठिपक्यांची, हिरवी-तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांची, मागे झेंड्यासाठी वेल्क्रो लावलेली बॅग असते. दुकानदार तिला ‘टॅक्टिकल’ म्हणतो, ‘मिलिटरी ग्रेड’ म्हणतो, आणि आपला मराठी माणूस प्रेमाने ‘फौजी बॅग’ म्हणतो.

हा रंग मी हुकमाने अंगावर घालतो, म्हणून या विषयावर दोन शब्द बोलण्याचा मला थोडा हक्क आहे असं समजतो. माझं म्हणणं सरळ आहे. कॅमेऱ्यासाठी ही बॅग सोयीची नाही, पाठीला आरामाची नाही, आणि मी सध्या ज्या राज्यात आहे तिथे ती सुरक्षितही नाही. ती एकच काम चोख करते, ते म्हणजे आपण कोण नाही ते लोकांना भासवणं. त्यासाठी पाठ मोडून घ्यायची आणि पैसेही मोजायचे, हे मला पटत नाही.

आधी त्या पट्ट्यांचं बघू. बॅगेच्या अंगावर आडव्या शिवलेल्या त्या जाड पट्ट्या शोभेसाठी जन्माला आलेल्या नाहीत. अमेरिकन सैन्याने 1990 च्या दशकाच्या शेवटी आणलेल्या ‘मॉली’ नावाच्या सामान-पद्धतीतून त्या आल्या. एक इंच रुंदीची पट्टी, मग एक इंच मोकळी जागा, परत पट्टी, आणि दर दीड इंचावर पक्की शिवण. हेतू असा की सैनिकाने आपल्या कामाप्रमाणे पाऊच अडकवावेत. रायफलवाल्याने मॅगझिनचे, वैद्यकीय मदतनिसाने औषधांचे, रेडिओवाल्याने रेडिओचा. काम बदललं की पाऊच बदलायचे, पिशवी तीच. कल्पना उत्तम आहे. पण तुम्ही त्यांवर काय अडकवता? मी तलावाकाठी बघितलंय. एक स्टीलचा हूक, एक कंपास, क्वचित एक छोटी दोरी. म्हणजे ज्या पट्ट्यांवर काही लटकणार नाही त्या पट्ट्यांचं वजन तुम्ही दर रविवारी पाठीवर हिंडवता. पट्ट्या झुडपात अडकतात, बसच्या दाराच्या कडीत अडकतात, त्यांच्या खाचांत इथला मुरूम जाऊन बसतो तो ब्रशनेही निघत नाही.

आणि ‘मिलिटरी ग्रेड’? या शब्दाला काही अर्थ असतो तर मी सर्वांत आधी टाळी वाजवली असती. पिशवीच्या कागदावर बहुतेक वेळा ‘मिल-स्टँडर्ड 810’ असं काहीतरी छापलेलं असतं. ते उपकरणांना उष्णता, थंडी, धक्के, धूळ, पाऊस यांत कसं तपासावं हे सांगणारं अमेरिकन संरक्षण खात्याचं पुस्तक आहे. पिशवी सैन्याने पास केली असा शिक्का तो नव्हे. कुठली चाचणी केली, कोणी केली, निकाल काय आला, हे कागदावर नसेल तर त्या आकड्याला साखरेच्या पोत्यावरच्या छापाइतकीच किंमत द्यावी. तसंच ‘1000 डेनियर’चं. डेनियर म्हणजे 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, बस. धागा जाड आहे एवढं कळलं. पण बॅग फाटते ती कापडात कधीच नाही. ती फाटते खांद्याचा पट्टा जिथे अंगाला शिवलेला असतो तिथे, नाहीतर चेन उसवते. दुकानात कापडावर नख मारून बघण्याऐवजी तो सांधा उलटा करून बघा. शिवण एकेरी आहे की दुहेरी, टोकाला आडवा-तिडवा टाका घातलाय का. चेन भरलेल्या बॅगेवर ओढून बघा. रिकाम्या बॅगेवर सगळ्याच चेन लोण्यासारख्या चालतात.

आता वजन. फौजेत वजनाबद्दल कोणी कविता करत नाही. भरतीपासून पिठ्ठू पाठीवर येतो तो निवृत्तीपर्यंत उतरत नाही. बीपीईटी नावाची आमची परीक्षा असते. त्यात अंगावर रायफल आणि लढाईचं सामान घेऊन पाच किलोमीटर पळायचं असतं. पहिल्या किलोमीटरला सगळे सारखेच दिसतात. चौथ्या किलोमीटरला कोणाचा पट्टा कुठे ढिला राहिला ते उस्तादाला लांबूनच कळतं.

तुमचं सामान कागदावर मांडू. बॅटरीसकट कॅमेऱ्याची बॉडी 700 ग्रॅम. पक्ष्यांसाठी लोक घेतात ती 150-600 ची लेन्स साधारण 2 किलो. एक छोटी लेन्स अर्धा किलो. ट्रायपॉड दीड किलो. पाणी दोन लिटर म्हणजे 2 किलो, आणि मे महिन्यात, इथला पारा 44-45 ला टेकतो तेव्हा, दोन लिटरही कमीच. खाणं, रेनकोट, जादा बॅटऱ्या, पुसायची फडकी असं सगळं मिळून आणखी एक किलो. झाले 7 किलो 700 ग्रॅम. यात बॅगेचं स्वतःचं वजन अजून धरलेलंच नाही. दणकट म्हणून मिरवणारी पट्ट्यांची बॅग रिकामीच दोन किलोची निघते. एकूण जवळजवळ पावणेदहा. साधी, हलकी बॅग एक किलोत मिळते. फरक एका किलोचा. तुम्ही म्हणाल, एका किलोचं काय एवढं? पाच किलोमीटर चाललात तर सुमारे सात हजार पावलं पडतात, आणि प्रत्येक पावलाला तो किलो उचलायचा असतो. संध्याकाळी मानेला जो गोळा येतो तो याच किलोचा असतो.

अमेरिकन लष्करी लेखक एस. एल. ए. मार्शल यांनी 1950 मध्ये सैनिकाच्या ओझ्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. त्यातला मुख्य मुद्दा आजही कुठल्याही फौजेतला शिपाई मान्य करील. ओझं वाढतं ते गरजेने नाही, ‘असू दे, लागलं तर?’ या भीतीने. दमलेला माणूस आणि घाबरलेला माणूस यांच्यात फार अंतर राहत नाही, असंही त्यांना सांगायचं होतं. फोटो काढणाऱ्याचा शत्रूही तोच ‘असू दे’ आहे. म्हणून मोठी बॅग घेऊ नका. ‘पुढे लेन्स घेणार आहे’ म्हणून आज मोठी बॅग घेणारा माणूस उद्या लेन्स घेत नाही. रिकाम्या कप्प्यात तो छत्री, पॉवर बँक, दुसरा चार्जर आणि गेल्या वर्षीची बिस्किटं भरतो. बॅगेत जागा असली की ती भरते, हा निसर्गनियम आहे.

वजन किती यापेक्षा ते कुठे पडतं हे जास्त महत्त्वाचं. खांदा वजन उचलण्यासाठी बनलेला नाही, कंबर बनलेली आहे. चांगल्या पाठपिशवीचा कंबरपट्टा शोभेची फीत नसतो. तो रुंद, गादीचा असतो आणि बेंबीच्या रेषेत, कमरेच्या दोन्ही हाडांच्या वर बसतो. तो आधी आवळायचा, मग खांद्याचे पट्टे, शेवटी छातीचा. तसं केलं की बहुतेक भार कमरेवर उतरतो, खांद्याला फक्त बॅग मागे पडू न देण्याचं काम उरतं. पण त्यासाठी बॅगेची लांबी तुमच्या पाठीच्या लांबीची हवी. मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी जो मणका टोकदार लागतो, तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत टेपने मोजा. हीच तुमची पाठ. उंची सारखी असली तरी दोन माणसांच्या पाठी सारख्या नसतात. ‘टॅक्टिकल’ बॅगेत बहुधा एकच माप असतं, आणि बायकांच्या पाठीचा व खांद्याचा विचार तर तिच्यात औषधालाही नसतो. मुलगी, बहीण, बायको कॅमेरा घेऊन फिरत असेल तर हे आधी बघा.

दुकानात जाताना घरून पाण्याच्या बाटल्या न्या. सात-आठ लिटर पाणी बॅगेत भरा, सगळे पट्टे लावा आणि दुकानात वीस मिनिटं उभे राहा, चाला, खाली वाका, जिने असतील तर चढा. दुकानदार हसेल. हसू दे. पुढची पाच वर्षं ती बॅग त्याच्या पाठीवर असणार नाही.

आपल्या जुन्या लोकांना हे शास्त्र कोणी शिकवलं नव्हतं, तरी ठाऊक होतं. पडशी आठवते का? खांद्यावरून पुढे-मागे लोंबणारी, दोन्ही बाजूंना खण असलेली पिशवी. पुढचं ओझं मागच्या ओझ्याला तोलतं, म्हणून माणूस मैलोन्मैल ताठ चालतो. इथे छत्तीसगडच्या खेड्यात अजून कावड दिसते, तिला ते कांवर म्हणतात. बांबूच्या दोन टोकांना सारखा भार आणि चालीबरोबर बांबूचा झोका. त्या कावडीवर कुठेही ‘मिलिटरी ग्रेड’ लिहिलेलं नसतं, आणि भाताच्या पेंढ्या मात्र बरोबर घरी पोहोचतात.

आरामानंतर सोय. फौजेत सोयीची व्याख्या एका वाक्यात शिकवतात: अंधारात हाताला सापडलं पाहिजे. प्रत्येक जवानाजवळ जखमेवर बांधायची पहिली पट्टी असते आणि तिची जागा ठरलेली असते. ती तुमच्यासाठी नसतेच. तुम्ही पडलात तर शेजारच्याला न शोधता मिळावी म्हणून सगळ्यांची जागा एकच. यातली अर्धी शिस्त कॅमेऱ्याच्या बॅगेत आणली तरी पुष्कळ आहे. बॅग निवडल्यावर घरी दिवा बंद करा आणि मनात दहा मोजेपर्यंत बॅटरी, कार्ड आणि दुसरी लेन्स बाहेर काढून दाखवा. जमलं तर बॅग सोयीची. सतरा खिशांच्या बॅगेत हे जमत नाही, कारण सोळा खिसे तपासल्यावर सतराव्यात सापडतं, आणि तोपर्यंत खंड्या मासा गिळून उडून गेलेला असतो.

उघडते कुठून, तेही बघा. पुढून उघडणारी बॅग जमिनीवर ठेवताना पाठीकडची बाजू खाली जाते. म्हणजे चिखल, गवताची कुसळं, लाल धूळ थेट पट्ट्यांना लागते आणि मग तुमच्या शर्टाला. पाठीच्या बाजूने उघडणारी बॅग पुढच्या अंगावर निजवायची. चिखल तिच्या पोटाला लागतो, तुमची पाठ कोरडी राहते. आणखी एक फायदा असा की गर्दीत मागून कोणी हळूच चेन उघडू शकत नाही. आमच्याकडचा मराठी जवान सुट्टीवर जातो तो आझाद हिंदने पुण्याला, नाहीतर हावडा-मुंबई मेलने. रात्रीच्या डब्यात बॅग उशाशी घेऊन झोपणाऱ्याला या एका गोष्टीची किंमत कळते.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. बॅगेबरोबर मिळणारा पावसाचा बुरखा पुढून झाकतो. पाठीवरून ओघळणारं पाणी त्याला कळत नाही, ते पट्ट्यांतून आत उतरतं. आत एक जाड प्लास्टिकची किंवा तोंड गुंडाळायची पिशवी ठेवा, खरं संरक्षण तेच. आणि घरी आल्यावर कॅमेरा बॅगेतून बाहेर काढा. बॅग म्हणजे कपाट नव्हे. फोम ओलावा धरून ठेवतो. हवेतला ओलावा 60 टक्क्यांच्या वर राहिला आणि भिंग अंधारात बंद पडून राहिलं की बुरशीला आमंत्रण धाडल्यासारखं होतं. जून ते सप्टेंबर रायपुरात काय, कोकणात काय, हे होणारच. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल इतकी साधी व्यवस्था पुरते. जेल अधूनमधून तापवून वाळवायला विसरू नका. जी बॅग जितकी जाड, जितकी बंदिस्त, जितकी ‘दणकट’, तितकी ती आतून ओली राहते, हेही लक्षात असू द्या.

आता माझ्या विरोधात जे बोललं जातं ते घेतो, कारण न घेता पुढे जाणं म्हणजे शत्रूची चौकी मागे सोडून पुढे सरकण्यासारखं आहे.

पहिला मुद्दा असा की पक्ष्यांना दिसू नये म्हणून ठिपक्यांचा रंग लागतो. पुष्कळ पक्ष्यांना रंग आपल्यापेक्षा जास्त दिसतात, अतिनील किरणंसुद्धा दिसतात. त्यांना तुमचे ठिपके फसवत नाहीत. तुमची हालचाल त्यांना उडवते, आणि आकाशावर उठून दिसणारी तुमची आकृती. खाली बसा, झाडाच्या सावलीत बसा, हात सावकाश हलवा. मातकट, खाकी, राखाडी असा कुठलाही एकरंगी मळका कपडा पुरेसा आहे. शिवाय तुम्ही लेन्स लावून बसता तेव्हा बॅग कुठे असते? जमिनीवर, तुमच्या मागे. पक्ष्याला ती दिसतही नाही. ठिपक्यांचा परिणाम झालाच तर तुमच्यावर होतो. अंधारात गवतावर ठेवलेली बॅग तुम्हालाच सापडत नाही.

दुसरा मुद्दा भावनेचा, आणि त्याला मी हसणार नाही. पुष्कळांना फौजेबद्दल खरं प्रेम असतं. माझा भाचा फोनवर म्हणाला, “मामा, तुझ्यासारखी बॅग घेतोय. बघून अभिमान वाटला पाहिजे तुला.” त्याला मी एवढंच सांगितलं, “अरे, माझी बॅग मी निवडलेली नाही. ती मला इश्यू झालीये. तुला निवडायला मिळतंय, तर तुझ्या पाठीची निवड.” गणवेशाचा मान कापडात नसतो, तो घालण्याआधी जे करावं लागतं त्यात असतो. तो बाजारात मिळायला लागला की मान वाढत नाही, कमी होतो.

आणि हे फक्त मानापुरतं नाही. जानेवारी 2016 मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला. हल्लेखोर लष्करी पद्धतीच्या कपड्यांत होते. त्यानंतर सेनेने नागरिकांना लष्करी नमुन्याचे कपडे न वापरण्याचं आणि दुकानदारांना ते न विकण्याचं आवाहन केलं. 15 जानेवारी 2022 च्या सेना दिनाला सेनेचा नवा डिजिटल नमुन्याचा गणवेश पहिल्यांदा संचलनात दिसला. तो ‘निफ्ट’च्या मदतीने तयार झाला आहे, आणि त्याच्या नमुन्याची नोंदणी सेनेने पेटंट कार्यालयात करून घेतली आहे. ते कापड बाहेर विकायला परवानगी नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 168 सांगतं की सैनिक नसताना, लोकांनी आपल्याला सैनिक समजावं या हेतूने सैनिकासारखा वेश किंवा खूण बाळगली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हेतू सिद्ध व्हावा लागतो, म्हणून ठिपक्यांची बॅग घेतली की लगेच गुन्हा होतो असं मी म्हणत नाही. पण गेटवरच्या संत्र्याने तुमचा हेतू कसा ओळखावा? त्याला दिसते ती बॅग. मग तो तुम्हाला थांबवतो, सगळं उघडायला लावतो, आणि सूर्योदय निघून जातो. त्याची चूक नाही. त्याला तेच शिकवलेलं आहे.

आता शेवटची गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. नवा रायपूर शांत आहे. पण इथे येणारा कॅमेरेवाला इथेच थांबत नाही. तो म्हणतो, एवढं आलोच आहे तर बस्तर करू. चित्रकोट, तीरथगड, कांगेर खोरं, पंच्याहत्तर दिवसांचा बस्तर दसरा. जावंच. त्या भागासारखं जंगल आणि तिथल्यासारखी माणसं बघायला नशीब लागतं. आपल्या गडचिरोलीतलं भामरागडही त्याच रानाचा शेजारी. तिथे सेना लढत नाही, सीआरपीएफ, राज्याचे पोलीस, डीआरजी आणि आपल्याकडे सी-60 चे जवान लढत आले आहेत. गेल्या काही वर्षांत परिस्थिती पुष्कळ बदलली, रस्ते झाले, भीती ओसरली. पण ज्या गावाने कित्येक वर्षं दोन्ही बाजूंच्या हिरव्या कपड्यांची माणसं येताना पाहिली, त्या गावाच्या डोळ्याची सवय एका हंगामात जात नाही. रानातून पट्ट्यांची, ठिपक्यांची बॅग पाठीवर घेतलेला अनोळखी माणूस येताना दिसला की तिथली म्हातारी कॅमेरा बघत नाही. ती पाठ बघते, आणि पोरांना घरात घेते. तुम्हाला फोटो मिळत नाही, ही त्यातली सगळ्यात लहान गोष्ट.

मोठी गोष्ट 30 ऑक्टोबर 2018 ची. विधानसभा निवडणुकीचं वार्तांकन करायला दूरदर्शनचं पथक दंतेवाडा जिल्ह्यात गेलं होतं. नीलावायाजवळ पोलिसांच्या गस्तीबरोबर जाताना माओवाद्यांनी घातपात केला. कॅमेरामन अच्युतानंद साहू मारले गेले, त्यांच्याबरोबरचे पोलीसही मारले गेले. नंतर माओवाद्यांनी पत्रकारांना मारण्याचा हेतू नव्हता असं म्हटलं. गेलेला माणूस त्या खुलाशाने परत आला नाही. साहूंच्या मृत्यूचं कारण कुठली बॅग होती असं मी अजिबात म्हणत नाही. तसं म्हणणं पाप होईल. ते आपलं काम करत होते आणि कामावर गेले. मी एवढंच म्हणतो की झाडीतून शंभर-दोनशे मीटरवरून बघणारी नजर चेहरा वाचत नाही, ओळखपत्र वाचत नाही. ती आकृती वाचते आणि सेकंदात ठरवते. ज्यांना कामासाठी तिथे जावंच लागतं ते वार्ताहर म्हणून आपण पत्रकार आहोत हे लांबून दिसावं याची काळजी घेतात. आणि आपण हौशी माणसांनी पदरचे पैसे देऊन बरोबर उलटं करायचं? सैनिक दिसण्याची जोखीम सैनिक घेतो, कारण त्याच्या हातात शस्त्र असतं, बाजूला साथी असतो आणि मागे हुकूम असतो. तुमच्या हातात 600 मिलिमीटरची काळी नळी असते. ती लांबून कशी दिसते ते मी तुम्हाला सांगायला नको.

मग घ्यायचं काय? मी कुठल्या दुकानाचा माणूस नाही, म्हणून नाव सांगत नाही, खुणा सांगतो. रंग एकच, साधा, चटकन डोळ्यात न भरणारा, पण जंगलात जाताना वर एक नारिंगी किंवा पिवळं फडकं बांधता येईल असा. कॅमेरा कंपनीचं मोठं नाव बाहेर नको, चोराला पत्ता देऊ नये. पाठीच्या लांबीचं माप, खरा कंबरपट्टा, पाठीकडून उघडणं. रिकामं वजन दीड किलोच्या आत. आत गादीचा वेगळा कप्पा, जो बाहेर काढता येईल. विमानाने जाणार असाल तर इकॉनॉमीत हातातलं सामान साधारण सात किलो चालतं, म्हणून बॅगेचा प्रत्येक ग्रॅम मोजून घ्या. आणि लिथियमच्या जादा बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात, त्यांची जागा आधीच ठरवा.

खिसा परवानगी देत नसेल तर नवी बॅग घेऊच नका. घरातली चांगल्या पट्ट्यांची साधी सॅक घ्या आणि फक्त गादीचा कप्पा वेगळा विकत घेऊन आत बसवा. गावात, यात्रेत, वारीत फिरायचं असेल, एक कॅमेरा आणि दोन छोट्या लेन्स असतील, तर खांद्यावरची कॅनव्हासची पिशवी सर्वांत उत्तम. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या दैनिकात फोटो काढणारे जिम डोमके यांनी 1970 च्या दशकात स्वतःच्या कामासाठी अशीच मऊ कॅनव्हासची पिशवी शिवून घेतली, आणि पुढे जगभरच्या वृत्तछायाचित्रकारांनी ती उचलली. कारण ती अंगाला बिलगते, हात आत सहज जातो आणि ती कॅमेऱ्याची बॅग वाटतच नाही. आपल्याकडे ती शोधायला इतक्या लांब जायची गरज नव्हती. शबनम पिशवीत फडक्यात गुंडाळलेला कॅमेरा घेऊन फिरणारे लोक महाराष्ट्राने पुष्कळ पाहिलेत. मात्र एका खांद्यावर तीन किलोच्या वर नको, आणि तासातासाने खांदा बदला.

दुकानदार तुम्हाला म्हणेल, “साहेब, ही घ्या, आर्मीवाले हीच वापरतात.” त्याला विचारा, कुठली पलटण? मग बॅगेत आठ लिटर पाणी भरा आणि ती त्याच्याच पाठीवर चढवून दुकानाला दहा फेऱ्या मारायला सांगा. उत्तर त्याच्या तोंडून येईल.